एस्टीतला सिनेमा आणि तुमच्या आठवणी, लिहा की!

काल घरात सगळ्यांनी मिळून परत 'नवरा माझा नवसाचा' बघितला. २००४ चा पिक्चर, पोरांनासुद्धा डायलॉग पाठ, तरी एस्टी गणपतीपुळ्याला निघाली की कुणी जागचं हलत नाही. मला वाटतं त्यात अख्खी गाडीच हिरो आहे, दर सीटवर आपल्या ओळखीचं कोणतरी बसलंय आणि मुक्काम येईपर्यंत कुणाची कुणापासून सुटका नाही. सचिन-सुप्रिया खऱ्या आयुष्यातपण नवराबायको, त्यामुळं त्यांची कुरबुर कुठंच ओढूनताणून वाटत नाही. तर प्रवासाच्या विनोदी पिक्चरमधलं कोण आवडलं, कुणाबरोबर बघितला, बघून कुठं निघालात ते सगळं इथं सांगा, लांबलं तरी चालेल.

*

माझे वडील सोलापूर डेपोला कंडक्टर होते त्यामुळं माझ्यासाठी हा पिक्चर म्हणजे अशोक सराफ, बाकीचे नंतर. तिकिटाची मशीन यायच्या आधीचा काळ, बाबांकडं तिकिटाचा ट्रे, चामड्याची बॅग आणि पंच असायचा, गर्दीत पुढं सरकताना ते पंच नुसताच टकटक वाजवत यायचे म्हणजे लोक आधीच सुट्टे काढून ठेवायचे. ड्युटीवरून आले की उजव्या हाताची बोटं शाईनं आणि नाण्यांनी काळी झालेली असायची, आई आधी साबण पुढं करायची मग चहा. तर आम्ही टीव्हीवर पिक्चर बघत बसलोतो, बाबा रिटायर होऊन वर्ष झालेलं, आणि गाडी सुटायच्या वेळी बाबांचा हात आपसूक वर गेला, घंटीची दोरी ओढायला, दोनदा. डबल बेल. त्यांना स्वतःलाच कळलं नाही. मग म्हणाले, "ह्या माणसानं कंडक्टर नीट बघितलेला आहे, बघ की, पॅसेंजरवर ओरडतोय पण कुणाला मधी सोडून जाणार नाही." एवढं कौतुक त्यांनी कधी कुठल्या नटाचं केलं नव्हतं. अशोक सराफांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा बाबा नव्हते, मी फोटोपुढं पेढा ठेवला.

*

नवसाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. वडिलांनी बोललेला नवस राहिलाय आणि तो मुलानं फेडायचा, तोही उघड्यानं देवापुढं जायचा, हे आमच्या घरात नुसतं विनोद म्हणून कुणी बघत नाही. आमच्याकडं तुळजापूरचा एक नवस आजोबांपासून राहिलेला, आई दर नवरात्रात आठवण काढायची. पिक्चर बघून झाल्यावर ती एकदम म्हणाली, "चला बे, आपलंबी फेडून टाकू." पुढच्याच मंगळवारी गेलो, पंचेचाळीसेक किलोमीटर फक्त, आणि इतकी वर्षं जमलं नव्हतं! हसवता हसवता श्रद्धेची टिंगल कुठंच केली नाही, ही ह्या पिक्चरची मोठी गोष्ट आहे माझ्या दृष्टीनं.

*

आमचा ग्रुप खरंच गणपतीपुळ्याला गेला, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोबत होती, मलकापूरपर्यंत ओळख ना पाळख अशी निम्मी गाडी आमच्या डब्यात जेवली. घाटात धुकं आलं तेव्हा सगळी गाडी गप्प, नुसता इंजिनचा आवाज. तसला प्रवास कारमध्ये होत नाही हो.

*

दुसरा भाग थेटरात बघितला, २०२४ चा. त्यात कोकण रेल्वे आहे, स्वप्नील जोशी आणि हेमल इंगळे नवीन जोडी, अशोकमामा टीसी. आवडला, पण रेल्वेत माणूस उठून दुसऱ्या डब्यात जाऊ शकतो, एस्टीत सगळ्यांचं सगळं सगळ्यांपुढंच होतं, मजा तिथंच आहे. पहिलाच भारी.

*

आमचे आजोबा ह्या विषयावर बोलायला लागले की १९७२ च्या 'बॉम्बे टू गोवा'वर येऊन थांबायचे. कंडक्टर मेहमूद, ड्रायव्हर अन्वर अली, दोघं सख्खे भाऊ, आणि पिक्चरमध्ये नावं काय तर खन्ना आणि राजेश! अमिताभ तेव्हा नवीन, पण आजोबांना त्याचं काही नाही, त्यांना आवडायचा तो झोपलेला पॅसेंजर, केश्टो मुखर्जी. सगळी गाडी नाचतीय आणि हा गाढ. आजोबा गिरणीत रात्रपाळीला होते, सकाळी सुटून बसमध्ये बसले की असेच झोपायचे, कंडक्टर सात रस्त्याला हलवून उठवायचा. "त्यानं माझं काम केलंय," म्हणायचे, लई अभिमानानं.

*

वरचं कंडक्टरबाबांचं वाचून आमच्या मम्मीला दाखवलं. ती लग्नाआधी रोज अक्कलकोटहून नोकरीला येऊन जाऊन करायची, संध्याकाळच्या गाडीचे कंडक्टर तिच्यासाठी दोन मिनिटं बेल थांबवायचे. नाव तिला आठवत नाही, पंचाचा आवाज आठवतो म्हणाली.