सोप्या इंग्रजी शब्दांचे अवघड अर्थ: सँक्शन, क्वालिफाय, चेक वगैरे

सहकारनगर_जीआरई

जीआरईच्या, म्हणजे परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या अमेरिकन परीक्षेच्या, शब्दयाद्यांबद्दल एक अडचण आहे. लॅकॉनिक, ओब्ड्युरेट, पर्फिडियस असे भारदस्त शब्द पाठ होतात, कारण त्यांचा अर्थ एकदाच शिकायचा असतो. घोटाळा होतो तो सँक्शन, क्वालिफाय, चेक, डिस्काउंट, टेबल अशा शाळेपासून माहीत असलेल्या शब्दांत. 'हर प्रेज वॉज क्वालिफाइड' या वाक्यात 'पात्र' हा अर्थ बसत नाही हे कळतं, पण मग कोणता बसतो ते सुचत नाही. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या याद्यांत शब्दापुढे एकच मराठी प्रतिशब्द आहे, आणि तोही आधीपासून माहीत असलेलाच.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वाक्यात कोणता अर्थ आहे हे कशावरून ओळखायचं? पुढे शब्द, मागे अर्थ अशी उजळणीची कार्डं बनवताना अशा शब्दांची मांडणी कशी करावी? आणि लॅटिन-ग्रीक धातू शिकण्यात वेळ घालावा का?

शब्दवेध_कोथरूड

हे शब्द आपल्याकडे मराठी होऊन बसले आहेत, आणि मराठीत येताना प्रत्येकाने आपला एकच अर्थ बरोबर आणला. सँक्शन बँकेतून आला: कर्ज सँक्शन झालं. डिस्काउंट लक्ष्मी रस्त्यावरच्या पाट्यांवरून आला, रिझर्व्हेशन रेल्वेतून. म्हणून चाळणी अशी लावा: जो इंग्रजी शब्द मराठी बोलताना सहज तोंडात येतो, त्याचा डिक्शनरीतला दुसरा-तिसरा अर्थ आधी वाचायचा. परीक्षेत विचारतात तो बहुधा तोच.

आता सँक्शन. लॅटिनमध्ये मूळ क्रियापदाचा अर्थ कायद्यावर पवित्रतेची मोहोर उठवणे, तो पक्का करणे. त्यातून एकीकडे 'मंजुरी' निघाली. दुसरीकडे, कायदा पक्का राहावा म्हणून त्याला जोडलेली शिक्षा, तिलाही सँक्शन म्हणू लागले, आणि त्यातून 'निर्बंध' आले. ओळखायची खूण वाक्यातच असते. अनेकवचनी नाम आणि पुढे 'ऑन' किंवा 'अगेन्स्ट' असेल तर निर्बंध. क्रियापद असेल तर बहुतेक वेळा मंजुरी. 'शिक्षा करणे' या अर्थानेही क्रियापद वापरतात, पण तिथे कर्म व्यक्ती, संस्था किंवा देश असतो. मंजुरी योजनेला, खर्चाला, कृतीला मिळते.

क्वालिफायसाठी शाळेतलं मराठी व्याकरण आठवा. विशेषणाची व्याख्या काय होती? नामाबद्दल विशेष माहिती सांगून त्याची व्याप्ती मर्यादित करणारा शब्द. इंग्रजी व्याकरणात याच क्रियेला क्वालिफाय म्हणतात. तेव्हा 'क्वालिफाइड प्रेज' म्हणजे 'पण', 'जर', 'काही अंशी' असे शब्द जोडून आवळलेलं कौतुक. 'क्वालिफाइड सपोर्ट' म्हणजे सशर्त पाठिंबा, आणि 'अनक्वालिफाइड सक्सेस' म्हणजे निर्विवाद यश. हा शेवटचा सगळ्यांत जास्त फसवतो, कारण मराठी कानाला 'अनक्वालिफाइड' म्हणजे नापास वाटतं. खूण: 'फॉर' आला किंवा माणसाला, संघाला लागला तर पात्रता. विधान, मत, कौतुक, पाठिंबा यांना लागला तर मर्यादा.

बाकीचे भराभर: 'डिस्काउंट अ रूमर' म्हणजे अफवेला किंमत न देणे. 'हॅव रिझर्व्हेशन्स' म्हणजे मनात शंका असणे. 'गेन करन्सी' म्हणजे कल्पना रूढ होणे. 'पेडेस्ट्रियन प्रोज' म्हणजे रटाळ गद्य.

हिशेबतपासणी

क्वालिफाइडबद्दल एक भर. सोसायटीच्या किंवा कंपनीच्या ऑडिट अहवालात 'क्वालिफाइड ओपिनियन' दिसलं की काही जण खूश होतात. तिथे अर्थ उलटा आहे. ऑडिटर म्हणतो आहे की हिशेब एरवी बरोबर आहेत, मात्र अमुक बाब सोडून. स्वच्छ अहवाल म्हणजे 'अनक्वालिफाइड'. अशा अहवालात 'एक्सेप्ट फॉर' हे शब्द शोधा, मर्यादा तिथे लिहिलेली असते. जीआरईच्या वाक्यांतही क्वालिफायच्या आसपास 'बट', 'दो', 'एक्सेप्ट' हमखास सापडतात.

काटशह

चेक राहिला. बुद्धिबळातला शह आणि इंग्रजी चेक हे मुळात एकच. फारसी 'शाह' म्हणजे राजा. राजाला धोका आहे हे सांगायला तोच शब्द पुकारत. तो अरबी, लॅटिन, फ्रेंच असा फिरत इंग्रजीत चेक झाला. आधी खेळातला शह, मग सर्वसाधारण अडवणूक, आणि 'तपासणे' त्याच्याही नंतर. 'चेक द स्प्रेड' म्हणजे प्रसार रोखणे. 'अनचेक्ड ग्रोथ' म्हणजे मोकाट वाढ. तिचा न तपासण्याशी संबंध नाही. चेक अडला की त्या जागी 'शह देणे' घालून बघा, निम्म्या वेळा वाक्य लगेच उलगडतं.

याच कुळात अरेस्ट, स्टेम, टेम्पर, कर्ब येतात, आणि इथे परीक्षेतला सापळा आहे. अरेस्ट म्हणजे थांबवणे: 'अरेस्ट द डिक्लाइन', घसरण थांबवणे. स्टेम प्रवाहाला लागतो: पाणी, रक्त, स्थलांतर, पैशांची गळती. टेम्पर मात्र काही थांबवत नाही, फक्त तीव्रता उतरवतो: 'टेम्पर्ड ऑप्टिमिझम' म्हणजे सावध आशावाद. सेंटेन्स इक्विव्हॅलन्स या रिकाम्या जागेच्या प्रश्नप्रकारात सहा पर्यायांतून दोन निवडायचे असतात आणि एक जरी चुकला तरी गुण शून्य. तिथे चेक आणि टेम्पर 'दोन्ही रोखण्याचेच शब्द' म्हणून जोडले की उत्तर जातं. निवडलेले दोन्ही शब्द आलटून पालटून वाक्यात बसवा. अर्थ तोच राहिला पाहिजे. समानार्थी जोडी दिसली म्हणून लगेच टिक करू नका. पर्यायांत मुद्दाम एखादी अशी जोडी ठेवतात जी आपसात जुळते, पण वाक्याशी जुळत नाही.

मुद्रितशोधक_सदाशिव

कार्डांबद्दल. एका कार्डावर एकच अर्थ. सँक्शनची दोन कार्डं, चेकची दोन. दोन्ही अर्थ एकाच कार्डावर लिहिले की सोपा अर्थ आठवतो, आपण 'आलं' म्हणून पुढे जातो आणि अवघड अर्थाची उजळणी कधी होतच नाही.

पुढच्या बाजूला सुटा शब्द लिहू नका. पूर्ण वाक्य लिहा, शब्दाच्या जागी रिकामी जागा सोडा आणि शब्दयोगी अव्यय तसंच ठेवा, कारण अर्थ ओळखायची किल्ली तेच आहे. मागच्या बाजूला चार-पाच शब्दांत मराठी अर्थ, ज्या नामांबरोबर शब्द येतो अशी दोन नामं, आणि ज्याच्याशी गल्लत होते तो शब्द. उदाहरणार्थ ओव्हरसाइट. 'ओव्हरसाइट ऑफ' असेल तर देखरेख. 'ॲन ओव्हरसाइट' असेल, म्हणजे मोजता येणारं एकवचन, तर नजरचूक. हे दोन अर्थ व्युत्पत्तीने लक्षात राहणार नाहीत, व्याकरणाने राहतात. म्हणून लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा कोश, वापरा, त्यात नाम मोजता येतं की नाही हे खुणेने दिलेलं असतं. लाँगमनच्या डिक्शनरीत व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांत बांधलेल्या असतात, त्यामुळे एका शब्दासाठी आणखी तीन शब्द शोधावे लागत नाहीत.

ॲन्की हे कार्डांच्या उजळणीचं ॲप वापरत असाल तर रोज २० नवी कार्डं ही मूळची सेटिंग बदलून १० करा. २० ठेवली की काही आठवड्यांत रोजची उजळणी दोनशेच्या घरात जाते आणि लोक सोडून देतात.

धातूंबद्दल माझं मत थोडं कडक आहे. 'बेने' (चांगलं), 'मॅल' (वाईट), 'लॉक' (बोलणे), 'क्रेड' (विश्वास) असे तीस-चाळीस शिका, उपयोग होतो. पण अनोळखी शब्द धातूवरून ओळखून उत्तर देऊ नका. एनर्व्हेट ऐकून एनर्जी आठवते. अर्थ आहे गळाठून टाकणे, मूळ कल्पना स्नायूच काढून घेण्याची. नॉइसममध्ये आवाज नाही, दुर्गंधी आहे. मेरिट्रिशसमध्ये मेरिट शोधाल तर फसाल, तो वरवरच्या भपक्यासाठी आहे. रेस्टिव्ह म्हणजे निवांत नव्हे, तर चुळबुळ करणारा, काबूत न राहणारा. मुळात तो शब्द पुढे जायला नकार देणाऱ्या घोड्यासाठी होता, आपल्या अडेलतट्टूसारखा. आणि इन्फ्लेमेबलमधला 'इन' नकाराचा नाही. टँकरवर ते लिहिलेलं असेल तर आतला माल पेट घेणारा आहे.

सहकारनगर_जीआरई

खूपच नेमकं मिळालं, मनापासून आभार. क्वालिफायची विशेषणाशी सांगड तर आता सुटणार नाही. टेबल आणि मूट यांचे अर्थ ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजीत उलटे असतात म्हणे. परीक्षा अमेरिकन आहे, तर कोणता धरायचा?

विधिशाखा

टेबलच्या बाबतीत आपली सवय ब्रिटिश आहे. विधानसभेत कागदपत्रं 'पटलावर ठेवतात', म्हणजे सभागृहापुढे आणतात. ब्रिटिश 'टेबल अ मोशन' हेच. अमेरिकेत तोच प्रयोग म्हणजे प्रस्ताव बाजूला ठेवणे, लांबणीवर टाकणे. परीक्षेसाठी अमेरिकन अर्थ धरा, पण आधी वाक्याचा उरलेला भाग वाचा. 'इन्डेफिनिटली' किंवा 'अन्टिल' असेल तर लांबणीवर.

मूट हा जुन्या इंग्रजीतला सभेचा शब्द. सभेत ज्यावर वाद घालायचा तो 'मूट पॉइंट', अजून न सुटलेला मुद्दा. ब्रिटिश अर्थ हाच. आयएलएससारख्या लॉ कॉलेजांत मूट कोर्ट होतं, म्हणजे काल्पनिक खटल्यावर सरावाचा युक्तिवाद. खटला काल्पनिक, निकालाने कुणाचं काही बदलत नाही, यातून अमेरिकन अर्थ आला: आता ज्याला व्यवहारात महत्त्व उरलं नाही असा मुद्दा. परीक्षेत 'रेंडर्ड मूट' किंवा 'मेड मूट' दिसलं तर हाच घ्या. 'रिमेन्स मूट' असेल तर वादग्रस्त.

तुमच्या यादीत कंपाउंडही घाला. भिंतीचं कंपाउंड वेगळं, ते बहुधा मलाय भाषेतल्या 'कांपोंग' या वस्तीवाचक शब्दावरून आलेलं आहे. 'कंपाउंड द प्रॉब्लेम' मधला शब्द लॅटिन, त्याचा अर्थ अडचणीत भर घालणे; चक्रवाढ व्याजातला कंपाउंड तो हाच, तसा लक्षात ठेवा. आणि कायद्यात 'कंपाउंडेबल ऑफेन्स' म्हणजे फिर्यादीने आरोपीशी तडजोड करून मिटवता येतो असा गुन्हा. तिथे प्रकरण वाढत नाही, संपतं. तेव्हा याची तीन कार्डं करा.