युनिव्हर्सल रिमोट: ‘फोन आहे ना’ म्हणणाऱ्यांना उत्तर

तिसरामजला:
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने साधा प्रश्न विचारला होता. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, साउंडबार आणि ओटीटी बघायची स्टिक मिळून चार रिमोट झालेत, सगळ्यांना मिळून एकच कुठला घेऊ? त्यावर एका गृहस्थांचं उत्तर: "आजकाल युनिव्हर्सल रिमोट कोण घेतं? फोनवर ॲप टाका, नाहीतर सीईसी चालू करा. विषय संपला." खाली अंगठ्यांची रांग. तिथे वाद घालत बसलो नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

विषय संपत नाही. आधी फोनचं बोलू. रिमोटसारखा न दिसणारा उजेड, म्हणजे इन्फ्रारेड (आयआर), सोडणारे फोन आता शाओमी, रेडमी, पोको अशा मोजक्या नावांत उरलेत. आयफोनला तर ते कधीच नव्हतं. आणि असलं तरी तो फोन सकाळी माझ्या खिशातून ऑफिसला जातो. दुपारी घरातल्यांनी टीव्ही लावायचा कशाने? रिमोट घराचा असतो, फोन एका माणसाचा.

आता सीईसी, म्हणजे टीव्हीला जोडलेली यंत्रं एकाच रिमोटने चालवण्याची सोय. सोय चांगली आहे, पण ती एचडीएमआय केबलवरूनच चालते. कितीतरी घरांत केबलवाल्याचा बॉक्स अजून पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांवर आहे. एचडीएमआयने जोडलेल्या बऱ्याच बॉक्सनाही सीईसी कळत नाही. त्यात सॅमसंग त्याला ॲनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. मेनूत शोधायचं काय, हेच माणसाला समजत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: लर्निंग रिमोट घ्या. कोडची पुस्तिका नको, ब्रँड शोधणं नको. जुना आणि नवा रिमोट समोरासमोर धरायचा आणि एकेक बटण शिकवायचं. घेण्याआधी मात्र घरातला प्रत्येक रिमोट फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबून बघा. सेल चांगले असून जांभळट उजेड लुकलुकला नाही, तर तो बहुधा ब्लूटूथचा, आणि आयआरचा कुठलाही रिमोट त्याच्याकडून काही शिकणार नाही. दुसरं, सेल काढल्यावर शिकवलेलं पुसलं जात नाही ना, हे दुकानातच विचारा. बाकी दिखाव्याला भुलू नका.

अडतीसकिलोहर्ट्झ:
लेख तळमळीचा आहे, पण मूळ दुखण्याला हात लावत नाही. चार रिमोटची बटणं एका रिमोटवर आणली, तरी डोक्यात चार यंत्रं राहतातच. आधी टीव्ही, मग साउंडबार, मग इनपुट बदल. लोकांना हवं असतं एक बटण: ‘बातम्या’ दाबलं की सगळं जागेवर. लॉजिटेक कंपनीचा हार्मनी रिमोट नेमकं तेच करायचा, आणि कोणतं यंत्र चालू आहे ते स्वतः लक्षात ठेवायचा.

लर्निंग रिमोटवर मॅक्रो केला, म्हणजे एका बटणावर अनेक कोड ओळीने लावले, तर काय होतं? बहुतेक रिमोटचं पॉवर बटण ‘चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू’ असा एकच कोड पाठवतं. साउंडबार आधीच चालू असेल तर मॅक्रो तो बंद करतो. बऱ्याच टीव्हींना ‘फक्त चालू’ आणि ‘फक्त बंद’ असे वेगळे कोड कळतात, पण ते कंपनीच्या रिमोटवर छापलेलेच नसतात. छापलेलं नाही ते शिकवणार कुठून? त्यासाठी कोडचा साठा असलेलाच रिमोट लागतो.

तिसरामजला:
हार्मनीचंच उदाहरण घेतलंत ते बरं झालं. एप्रिल २०२१ मध्ये लॉजिटेकने हार्मनी रिमोट बनवणं बंद केल्याचं जाहीर केलं. जुन्या ग्राहकांना सेवा चालू ठेवू म्हणाले, मान्य. पण ज्या रिमोटची मांडणी बदलायला कंपनीच्या सर्व्हरकडे जावं लागतं, तो माझ्या घरातला असला तरी माझ्या ताब्यातला नाही. एकदा शिकवलेला साधा रिमोट कुणाच्या परवानगीवर चालत नाही.

मनगुंतली:
तुमच्या मॅक्रोच्या आधी एक विचारते. आकडे कुठे गेले?

आईकडे नवीन टीव्ही आणला. रिमोट बोटभर, वर तीन ओटीटी कंपन्यांची बटणं आणि एक माइक. १ ते ९ नाहीत. आईला तिची चॅनेलं नंबराने पाठ आहेत. अंगठा ५ वरच्या उंचवट्यावर ठेवून, न बघता दाबायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधीचे सगळे महिने ती तशीच टीव्ही बघत होती. आता म्हणते, "मला नको तुमचा टीव्ही." ज्या कंपन्यांचं ती काही बघत नाही, त्यांची बटणं तिच्या हातात, आणि तिचे आकडे गायब. ती जागा कुणी विकली, कुणी विकत घेतली? आईला कुणी विचारलं?

फ्रीमाँटकर:
अवांतर आहे, तरी लिहितो. आकड्यांची बटणं जाणारच होती. इथे अमेरिकेत आमच्याकडे केबल काढून टाकलेली कितीतरी घरं आहेत, तिथे चॅनेल नंबर ही गोष्टच उरलेली नाही. माइकचं बटण दाबून नाव सांगा. वयस्कर लोकांना तर बोलणंच सोपं. थोडा वेळ देऊन शिकवलं की शिकतात.

मनगुंतली:
शिकवलं. आई माइकमध्ये "सह्याद्री" म्हणाली, तर किल्ल्यांच्या ट्रेकचे व्हिडिओ आले. पुन्हा म्हणाली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने रिमोट खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. त्यात बाबा झोपलेले असताना दुपारी मोठ्याने बोलायचं कसं? तुम्ही फ्रीमाँटमध्ये बसून सांगताय की म्हातारी माणसं शिकतात. ती आयुष्यभर शिकतच आली आहेत. शिकायचं आता कंपनीने.

फ्रीमाँटकर:
मी कुठे राहतो याचा इथे काय संबंध? माझेही आईवडील साताऱ्यात एकटे राहतात. बाबा माइकवर रोज कीर्तन लावतात, व्यवस्थित लागतं. तुमचा एक अनुभव म्हणजे सगळ्या म्हाताऱ्यांचा अनुभव नाही.

मनगुंतली:
आणि तुमच्या बाबांचाही नाही.

चौथीभिंत:
दोघेही जरा थांबा. आकडे पूर्ण गेलेले नाहीत. काही रिमोटवर ‘१२३’ असं बटण असतं, ते दाबलं की पडद्यावर आकडे येतात.

मनगुंतली:
येतात. मग बाणांनी एकेका आकड्यावर जायचं, ओके दाबायचं, पुढच्या आकड्यावर जायचं. तीन आकडी नंबराला किती वेळा दाबावं लागतं ते करून बघा, आणि तेही पडदा नीट दिसत नसताना.

अडतीसकिलोहर्ट्झ:
मनगुंतलींशी इथे सहमत आहे. बटणांची जागा बोटांना कळणं हे रिमोटचं पहिलं काम. सपाट काचेचा रिमोट, म्हणजे फोनही, तिथेच नापास होतो. पण हा टीव्ही बनवणाऱ्यांचा दोष. त्यावरून लर्निंग रिमोट श्रेष्ठ ठरत नाही.

तिसरामजला:
अहो, पण उपाय तोच आहे! घरात सेट टॉप बॉक्स असेल तर चॅनेलचा नंबर बॉक्सला द्यायचा असतो, टीव्हीला नाही. मोठ्या बटणांचा, आकडे असलेला लर्निंग रिमोट घ्या. त्यात बॉक्सचे आकडे आणि टीव्हीचे फक्त आवाज आणि पॉवर शिकवा. टीव्हीचा बोटभर रिमोट कपाटात ठेवा.

मनगुंतली:
टीव्हीचा रिमोट ब्लूटूथ असला तर? वर तुम्हीच लिहिलंय की शिकणार नाही.

बुधवारपेठी:
पुण्यात तापकीर गल्लीत आमचं रिमोटचं दुकान आहे, म्हणून बोलतो. ब्लूटूथ रिमोट असलेल्या बऱ्याच टीव्हींच्या पुढे आयआरचा डोळा असतोच. त्याच कंपनीच्या जुन्या मॉडेलचा साधा रिमोट आणून बघायचा, पुष्कळदा चालतो. चालला की त्याच्याकडून शिकवायचं. गिऱ्हाईक टीव्हीचा फोटो आणतं, त्याने भागत नाही. मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणा आणि बॉक्सचा रिमोट सोबत आणा.

शिकवताना लोक एक गडबड करतात. बटण दाबून धरून ठेवतात. धरलं की पुष्कळ रिमोट पहिल्या कोडनंतर नुसता ‘तेच पुन्हा’ असा छोटा कोड पाठवत राहतात, आणि कधी तोच शिकला जातो. मग घरी जाऊन म्हणतात, रिमोट खराब. एकदा टिचकीसारखं दाबायचं आणि सोडायचं. ट्यूबलाइटच्या खाली शिकवू नका.

आणि एसी त्यात घालायला जाऊ नका. टीव्हीचा रिमोट एका बटणाला एक कोड पाठवतो. एसीचा रिमोट बहुतेक प्रत्येक वेळी तापमान, पंखा, मोड सगळं एकत्र पाठवतो. २४ वर ‘वाढवा’ शिकवलंत तर ते बटण कायम २५ च करणार. एसीला त्याचा वेगळा रिमोट ठेवा.

चौथीभिंत:
हे एसीचं आज कळलं. आमच्याकडे तीच तक्रार होती. तरी माझं म्हणणं कायम आहे: ज्यांच्याकडे फक्त टीव्ही, साउंडबार आणि स्टिक आहे, केबल नाही, त्यांनी पैसे घालवू नयेत. स्टिकच्या रिमोटवर टीव्हीची पॉवर आणि आवाज असतोच, उरलेलं सीईसी करतं. त्या गृहस्थांचं म्हणणं अशा घरांसाठी बरोबर आहे.

तिसरामजला:
अशा घरांपुरतं बरोबर. एवढं म्हणतो, यापुढे नाही. त्यांनी घरात काय आहे हे न विचारता सगळ्यांना तेच सांगितलं, आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या यादीत सेट टॉप बॉक्स होता.

अडतीसकिलोहर्ट्झ:
आणि माझ्या पॉवरच्या कोडचं? त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

बुधवारपेठी:
साउंडबार बंदच करू नका हो. सिग्नल थांबला की बरेचसे आपोआप झोपतात आणि टीव्ही लागला की उठतात, सेटिंगमध्ये बघा. मग मॅक्रोत त्याची पॉवर घालायचीच नाही.

अडतीसकिलोहर्ट्झ:
प्रोजेक्टर आणि जुना ॲम्प्लिफायर असलेल्याला हे चालणार नाही. साध्या दिवाणखान्याला चालेल, ते मान्य करतो.

मनगुंतली:
बुधवारपेठी, शनिवारी दुकान उघडं असतं का? आईच्या बॉक्सचा रिमोट आणि स्टिकरचा फोटो घेऊन येते. ५ वर उंचवटा असलेलाच दाखवा, दुसरा नको.

बुधवारपेठी:
या. सकाळी अकरानंतर. बॉक्सच्या रिमोटचे सेल नवीन घालून आणा.