कॅलिपरचं आधी सांगू की भेटल्यावर?

मिसळप्रेमी२९: लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायात कॅलिपर, म्हणजे चालायला आधार देणारी पट्टी. डेटिंग अ‍ॅपवर फोटो सगळे कमरेच्या वरचे. एकीशी तीन आठवडे मस्त गप्पा चालल्यात आणि आता ती म्हणतेय रविवारी सिंहगड चढूया. काय करू? प्रोफाइलमध्ये लिहिलं की मॅचच येत नाहीत हो.

खडूसकाकू: आजच सांग बाबा. सिंहगडावर गाडी वरपर्यंत जाते, पण प्रश्न तो नाहीये ना.

चहाबाज: मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, पहिल्याच भेटीआधी सांगून टाकतो की उजवीकडे बस. दोघी गायब झाल्या, तिसरी खुर्ची ओढून बरोब्बर उजवीकडे बसली. नाही म्हणायचा हक्क त्यांनाही आहेच, डोकं फिरतं ते "किती ब्रेव्ह आहेस" म्हणून ब्लॉक करणाऱ्यांमुळे.

मिसळप्रेमी२९: सांगितलं. म्हणाली पोलिओ अजून असतो? म्हटलं आपल्याकडे वाइल्ड, म्हणजे नैसर्गिक विषाणूच्या पोलिओची शेवटची केस 2011ची, मी त्याआधीचा माल. हसली. रविवारचं अजून काही बोलली नाही.