गावातल्या वीरगळ आणि शिलालेखाशेजारी माहितीफलक लावायचाय: परवानगी, पाटी, मजकूर?

चिरेबंदी

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूचं गाव. मारुतीच्या देवळामागं तीन वीरगळ (लढाईत पडलेल्यांचे स्मारकदगड) आणि अक्षरं कोरलेला एक उभा दगड आहे, चारेक फूट जमिनीच्या वर, बाकीचा मातीत. वरच्या अंगाला चंद्र-सूर्य, मधे लिंग, बाजूला गाय-वासरू. अक्षरं कन्नड वळणाची.

युवक मंडळाच्या डोक्यात दोन गोष्टी आहेत. सगळे दगड उचलून सिमेंटच्या कट्ट्यात ओळीनं बसवायचे आणि अक्षरं पांढऱ्या ऑईलपेंटनं भरायची, म्हणजे लांबून वाचता येतील. शिवाय कट्ट्याच्या दर्शनी बाजूला काळ्या ग्रॅनाईटची पाटी, वर मोठ्या अक्षरात "कदंबकालीन शिलालेख".

परवानगी कुणाची लागते? पाटी कशाची करावी? इकडचा पाऊस सगळ्यांना ठाऊकच आहे. मजकूर किती आणि कुठल्या भाषेत?

मलप्रभाकाठ

पाटीचं नंतर बघू. आधी त्या रंगाच्या डब्याचं झाकण लावा.

दगड जमिनीतलं पाणी वर ओढतो आणि तोंडावाटे सोडतो. ऑईलपेंटनं तोंड बंद केलं की पाणी रंगाच्या मागं अडकतं, त्यातले क्षार तिथंच साचतात, फुगतात आणि दगडाची कपचीच सुटते. कोरीव अक्षराची खोली पुष्कळदा दोन-तीन मिमी असते. कपची गेली की अक्षर गेलं. शिवाय ब्रश धरणारा माणूस दिसेल ती रेघ भरतो. चरा, भेग, छिन्नीचा जुना घाव, सगळं पांढरं होतं आणि पुढं वाचणाऱ्याची फसगत होते.

सिमेंटचा कट्टा तर त्याहून वाईट. लिंग आणि गाय-वासरू म्हणजे तो दानलेखाचा दगड. अशा लेखात राजाची बिरुदं वर आणि खरा ऐवज खाली असतो: किती जमीन दिली, कुठल्या मापानं, चतुःसीमा काय, आणि शेवटी दान मोडणाऱ्याला शाप. तोच भाग सिमेंटमध्ये गाडणार तुम्ही. वीरगळाचंही तसंच, लढाईचा टप्पा सगळ्यात खाली असतो. सिमेंट ओल धरून ठेवतं आणि स्वतःचे क्षार दगडाला देतं. दोन-चार पावसाळ्यांत बुडापासून पापुद्रे निघायला लागतात.

उचलूही नका. जेसीबीला साखळी बांधून उभा दगड ओढला की आतली भेग उघडते आणि दोन तुकडे होतात. मूळ जागा हासुद्धा पुरावाच असतो, कारण सीमा त्या जागेवरून मोजलेल्या असतात. दगड कलत असेल तर बुडाशी आजूबाजूचीच माती आणि जांभ्याचे तुकडे हातानं ठासा. पाणी दगडापासून बाहेर जाईल असा उतार द्या. एवढ्यानं भागतं.

साफसफाई करायची तर साधं पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश. शेवाळ अर्धा तास भिजवून बांबूच्या कामटीनं काढा. तारेचा ब्रश, अॅसिड, साबण, प्रेशरचा पंप, यातलं काहीच नको. तेल-शेंदराचा थर असेल तर हात लावू नका. तो श्रद्धेचाही भाग आहे, आणि खरवडताना अक्षरं निघतात.

अक्षरं लांबून दिसावीत म्हणून रंग हवा असेल तर त्याला रात्रीचा टॉर्च पुरतो. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या पृष्ठाला जवळजवळ चिकटवून, दहा-पंधरा अंशांच्या कोनात, आधी डावीकडून, मग वरून धरा. कॅमेरा समोर, स्टँडवर. कडेला मोजपट्टी ठेवा. पूर्ण दगडाचा एक फोटो, मग चार-चार ओळींचे, प्रत्येकात आधीची एक ओळ पुन्हा आलेली. खडू, पीठ, राख काही चोळू नका. शाई-कागदाचा ठसा पुरालेखवाल्यांनाच घेऊ द्या. नवख्या हातून कागद फाटतो आणि शाई दगडात मुरते.

हे फोटो धारवाडच्या कन्नड संशोधन संस्थेला किंवा म्हैसूरला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पुरालेख शाखेला पाठवा. त्याआधी पुरालेख शाखेचे वार्षिक अहवाल चाळा. त्यात जिल्हा, तालुका, गाव अशी लेखांची यादी असते. तुमचा दगड आधीच नोंदलेला असू शकतो.

परवानगीसाठी पहिल्यांदा जागेचा उतारा काढा. गावठाण असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि पीडीओंचं (पंचायत विकास अधिकाऱ्यांचं) पत्र. देऊळ मुजराईकडं (राज्याच्या देवस्थान खात्याकडं) असेल तर त्या खात्याचं पत्र. मग जवळपास संरक्षित स्मारक आहे का ते बघा. केंद्राच्या यादीतलं असेल तर स्मारक कायद्याच्या 2010 च्या दुरुस्तीनंतर 100 मीटरच्या आत नवीन बांधकाम बंद आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीशिवाय नाही. कट्टा हे बांधकामच धरतात. बेळगाव जिल्हा सर्वेक्षणाच्या धारवाड मंडळात येतो, अर्ज कुठं करायचा ते तिथं विचारा. राज्याच्या यादीतलं असेल तर कर्नाटकाचा 1961 चा कायदा आणि राज्य पुरातत्त्व खातं. कुठल्याच यादीत नसेल तरी खात्याला एक पत्र टाकून पोच ठेवा. उद्या कुणी तक्रार केली तर तोच कागद कामाला येतो.

पाटीची_फॅक्टरी

पाटीबद्दल. फ्लेक्स विसरा, उन्हानं वर्ष-दोन वर्षांत उडतो. सनबोर्ड आणि व्हिनाईल कडेनं सुटतं, पाणी आत शिरतं. पितळी पाटी देखणी असते, पण भंगाराच्या भावापायी चोरीला जाते. राहिले दोन पर्याय.

स्टेनलेस स्टील, 304 ग्रेड, 2 मिमी जाड, अक्षरं एचिंग करून (रसायनानं कोरून) आत काळा रंग भरलेला. कन्नड ओत्तक्षरं (खाली जोडलेली अक्षरं) आणि देवनागरीतली जोडाक्षरं यात स्वच्छ येतात. मॅट फिनिश मागा, आरशासारखी चकचकीत पाटी उन्हात वाचता येत नाही.

काळा ग्रॅनाईट, 20 मिमी, सँडब्लास्टनं कोरलेला. टिकाऊ आहे, पण 10 मिमीच्या खालचं अक्षर घेऊ नका. मात्रा-रफाराची बारीक कड उडते. आतला पांढरा रंग काही वर्षांनी जातो, तो पुन्हा भरता येतो. मजकूर बदलायचा झाला तर मात्र अख्खी शिळा बदलावी लागते. लेख अजून वाचलेलाच नसेल तर माझं मत स्टीलला.

जांभ्याच्या भिंतीवर पाटी ठोकू नका. चिरा पोकळ आणि ठिसूळ असतो. फास्टनर आवळला की भोकाभोवती भुगा होतो, आणि पावसाळ्यात पाटी बोल्टसकट खाली येते. पाटीला स्वतःचे पाय द्या: 50 मिमीचा गॅल्व्हनाईज्ड पाईप, दोन पाय, प्रत्येकाला 30 × 30 × 45 सेंमीचा पाया. पायाला सिमेंट चालेल, पण दगडापासून दोन मीटर तरी लांब आणि फोटोच्या आड येणार नाही अशा बाजूला. खड्डा हातानं खणा. खापरं किंवा नक्षीचा दगड लागला तर थांबा, जागा बदला, ग्रामपंचायतीला कळवा. (नाणी-दागिना काही निघालं तर कर्नाटकाचा 1962 चा निखात निधी कायदा लागतो. ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं.)

आकार 60 × 45 सेंमी पुरे. खालची कड जमिनीपासून 75 सेंमी, म्हणजे पोरांनाही वाचता येते. तिरकस ठेवायची तर 45 अंश. त्याहून आडवी केली की झाडाचा पाला आणि शेवाळ साचतं. खालच्या चौकटीत 3 मिमीची फट सोडा, पाणी निघून जाईल. शीर्षक 30 मिमी, मजकूर 10 ते 12 मिमी. स्टीलची पाटी आणि गॅल्व्हनाईज्ड पाईप यांच्यामध्ये नायलॉनचे वॉशर घाला, नाहीतर पाईपचा जस्ताचा थर बोल्टपाशी आधी खाल्ला जातो.

शके_1127

दोघांनी दगडाचं आणि लोखंडाचं नीट सांगितलंय. मी "कदंबकालीन" या शब्दावर अडतोय.

आपल्या तालुक्यात कदंब राजघराणं दोनदा येतं. हलशी, म्हणजे जुनी पलाशिका. तिथल्या ताम्रपटांतले मृगेशवर्मा-रविवर्मा हे बनवासीचे कदंब, पाचव्या-सहाव्या शतकातले. हलशीचं भूवराह-नरसिंहाचं देऊळ आणि देगावचं कमलनारायण हे गोव्याच्या कदंबांचं, बाराव्या शतकातलं. मधे सहाशे वर्षं. नुसतं "कदंबकालीन" लिहिलं तर वाचणाऱ्याला काय कळणार? वर, दानलेख रट्ट, यादव, विजयनगर या राजवटींच्या काळातलेही मिळतात. चंद्र-सूर्य-गाय-वासरू ही सगळ्यांचीच खूण, त्यावरून राजवट ठरत नाही.

वीरगळांबाबतही एक तपासणी करा. खालच्या टप्प्यात लढाई किंवा गुरं वळवणं, मधे अप्सरा वीराला नेतायत, वर तो लिंगापुढं हात जोडून, असं असेल तर वीरगळ. काकणं भरलेला, कोपरात वाकलेला हात असेल तर सतीचा दगड. वर बसलेले जिन आणि खाली मुनी असतील तर ती जैन निषिधी, सल्लेखनेनं, म्हणजे उपवास करून, देह ठेवलेल्याची. बेळगाव भागात निषिध्या पुष्कळ आहेत आणि पाट्यांवर सर्रास "वीरगळ" लिहिलेलं असतं.

आता सनाचं गणित, कारण पाट्या हमखास इथंच चुकतात. शकात 78 मिळवा हे सगळे जाणतात. पण बेळगाव किल्ल्यातले रट्ट कार्तवीर्य चौथ्याच्या काळचे जे दोन लेख आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत ते घ्या: शके 1127, रक्ताक्षी संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातलं वर्षाचं नाव), पौष शुद्ध 2, शनिवार. 78 मिळवले की 1205. खरी तारीख 25 डिसेंबर 1204. कारण तिथं चालू वर्ष मोजलंय, नेहमीसारखी सरलेली वर्षं नाहीत. हे कळतं संवत्सरावरून. सरलेल्या शकात 12 मिळवा, 60 नं भागा, बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक. 1126 + 12 = 1138, बाकी 58, म्हणजे रक्ताक्षी. 1127 धरलं तर 59 येतो, तो क्रोधन. जुळलं नाही की एक वर्ष मागं जाऊन बघायचं. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची तिथी बहुधा पुढच्या इसवी सनात पडते, तिथं 79. गोव्याच्या कदंबांच्या लेखांत कलियुगाचं वर्षही येतं, त्यातून 3101 वजा करा: 4270 म्हणजे 1169.

पाटीवर मूळ काळ जसाच्या तसा आणि शेजारी इसवी सन, दोन्ही द्या. "सुमारे हजार वर्षांपूर्वी" असलं काही नको.

चिरेबंदी

सगळ्यांचे आभार. कट्टा आणि रंग रद्द करायला लावतो. पण लेख वाचलेलाच नाही तर पाटीवर लिहायचं काय, असं मंडळातले विचारतायत. आणि भाषेवरून गावात दोन तट आहेत.

शके_1127

दिसतं तेवढं लिहा की. मराठीचा नमुना:

"दानलेखाचा दगड. वर चंद्र-सूर्य, शिवलिंग, गाय-वासरू: चंद्र-सूर्य असेपर्यंत दान चालावं, असा या खुणांचा अर्थ. लिपी कन्नड. खालच्या काही ओळी जमिनीत आहेत. शेजारी तीन वीरगळ: लढाईत पडलेल्यांची स्मारकं. दगडांना तेल, रंग, खडू लावू नये. दगड हलवू नयेत."

चाळीसेक शब्द झाले. एका भाषेला साठच्या वर जाऊ नका, नाहीतर अक्षर बारीक करावं लागतं. राजा, सन, गावाचं जुनं नाव हे वाचन आल्यावर. देणगीदारांची नावं पाटीच्या मागच्या बाजूला.

भाषेचं म्हणाल तर कन्नड आधी, खाली मराठी. धंद्याच्या पाट्यांवर 60 टक्के कन्नडचा नियम 2024 मध्ये आला. माहितीफलक त्यात बसतो की नाही यावर पारावर भांडण्यात अर्थ नाही. कन्नड वर असलं की पंचायतीचा ठराव अडत नाही आणि कुणी काळं फासायलाही येत नाही. लेख कन्नड आहे तर "लिपी कन्नड" हे मराठी मजकुरातही स्पष्ट लिहा. तिथं गुळमुळीत बोललं की दोन्ही तटांना संशय येतो.

पाटीची_फॅक्टरी

ऑर्डर देताना मजकूर युनिकोडमध्ये द्या आणि वर पीडीएफही द्या. बरेच कोरणारे जुन्या फाँटमध्ये बदलून घेतात, तिथं "ट्ट" चं "ट" होतं, कन्नडचं ओत्तक्षर गळतं, रफार पुढच्या अक्षरावर सरकतो. खऱ्या मापाचा कागदी प्रूफ मागा. कन्नड भाग कन्नड शाळेतल्या मास्तरांकडून आणि मराठी भाग मराठीच्या बाईंकडून वाचून घ्या. आकडे शेवटाकडून सुरुवातीकडं उलटे तपासा. प्रूफवर दोन्ही सह्या झाल्याशिवाय प्लेट चढवू देऊ नका.

राजा आणि सन यांच्यासाठी पाटीच्या खाली 60 × 8 सेंमीची वेगळी पट्टी धरा, चार स्क्रूंवर. आत्ता ती कोरी ठेवा. धारवाडहून किंवा म्हैसूरहून वाचन आलं की तेवढीच पट्टी कोरून घ्यायची, स्टँड आणि मोठी पाटी तशीच राहते.