मदत हवी आहे: हम्फ्री लिटलटनचा कोणता भाग ऐकवावा?

आमच्या श्रवणगटात ब्रिटिश ट्रम्पेटवादक हम्फ्री लिटलटन (१९२१–२००८) यांच्या आठवणीत तासाभराची बैठक ठेवली आहे. संगीताची निवड झाली: १९४९ची अमेरिकन जॅझवादक सिडनी बेशेसोबतची ध्वनिमुद्रणं, शिवाय १९५६चं 'बॅड पेनी ब्लूज'. अडलंय विनोदापाशी.

१९७२पासून ते बीबीसी रेडिओवर 'आयम सॉरी आय हॅवन्ट अ क्लू' या विनोदी खेळांच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करायचे. आपण काय वाचतोय ते कळतच नाही अशा निर्विकार आवाजात चावट ओळी टाकणं, ही त्यांची खरी गंमत. पण श्रोत्यांत आजी-आजोबाही आहेत, त्यामुळे समँथाचे (कार्यक्रमातल्या काल्पनिक गुणलेखिकेचे) चावट किस्से बाद. 'मॉर्निंग्टन क्रेसंट' ही लंडनमधल्या स्थानकांची नावं घेत जायची फेरी मित्रांना ऐकवून पाहिली. या खेळाला नियमच नाहीत हे समजावण्यात मजा गेली. एका गाण्याचे शब्द दुसऱ्याच्या चालीवर म्हणायची फेरी आवडेल, पण दोन्ही गाणी इथल्या लोकांना ठाऊक हवीत ना!

इंग्रजी सगळ्यांना समजतं, लंडनचे संदर्भ मात्र नाहीत. वेळ दहा मिनिटं. बीबीसीचे विकतचे ध्वनिमुद्रण-संच घ्यायची तयारी आहे, चोरट्या लिंका नकोत. कार्यक्रमातले एक स्पर्धक विली रश्टन असतानाचा भाग मिळाला तर उत्तमच.

तर नवख्या श्रोत्याला पहिल्याच ऐकण्यात हसवेल असा नेमका कोणता भाग, कोणती फेरी, आणि ती कुठल्या संचात आहे?