आधारवर वय कमी लागलं, बाबांच्या श्रावणबाळ योजनेच्या (म्हाताऱ्यांची सरकारी पेन्शन) अर्जासाठी वयाचा कोणता कागद चालते? मदत करा

नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहून राहिलो, कोणी श्रावणबाळची फाईल तहसीलमध्ये पास करून आणली असन तर सांगा जी.

बाबांनी जिंदगी सालदारकीत काढली, शाळेत गेलेच नाही म्हणून टीसी नाही. गावात आधारचा कॅम्प लागला तेव्हा ऑपरेटरनं वय विचारलं, बाबा म्हणे असन पन्नासेक, त्यानं टाकून दिलं ०१/०१/१९६४. आता योजनेत ६५ पाहिजे, आधारवरून बसतच नाही. पण जुन्या मतदान कार्डावर साफ छापलं आहे, १.१.१९९५ रोजी वय ४०.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) नक्कलही काढली. ऑगस्ट १९५४ च्या शेवटची नोंद सापडली, पण त्यात आजोबाचं नाव आन पुढं नुसतं 'मुलगा'. पोराचं नावच नाही. आत्या सांगते तुया बाप तान्ह्या पोळ्याच्या (पोळ्याच्या दुसऱ्या) दिवशी झाला, तारीख बरोबर जुळते, पण बाबा तिघं भाऊ, हा मुलगा म्हणजे बाबाच हे कागदावर कसं दाखवू?

सेतूवाला (सरकारी अर्ज भरून देणाऱ्या केंद्राचा माणूस) म्हणते आधी आधार सुधरवून आणा. आधार केंद्रवाला म्हणते जन्मतारीख एकदाच बदलते, मतदान कार्डावर होत नाही, जन्माचा दाखला आण. एकच चान्स आहे, तो बिननावाच्या नकलेवर वाया गेला तर? आन नव्या आधार कार्डावर तर छापूनच येते की हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. मग वय त्याच्यावरूनच काऊन पाहतात?

योजनेच्या कागदपत्रात वयासाठी मतदार यादीचा उतारा किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा दाखला चालते असं लिहिलेलं आहे, मी सेतूत दाखवलं तर म्हणे ऑनलाईनमध्ये आधारचीच तारीख येते. बाकी २१ हजाराच्या आतला उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, आधार लिंक पासबुक सगळं तयार आहे.

महिन्याचे १५०० म्हणजे बाबांच्या बीपीच्या गोळ्या आन थोडा किराणा निघते, घरात कापूस वेचायला जाणारी माय एकटीच आहे. तिसऱ्यांदा वापस आलो तेव्हा बाबा ते मतदान कार्ड पन्नीत गुंडाळता गुंडाळता म्हणे, "मी कुठं खोटं सांगून राहिलो बाप्पा." लय जीवाला लागलं.

आधार न बदलवता डॉक्टरच्या वयाच्या दाखल्यावर कोणाची केस मंजूर झाली का? झाली असन तर अर्ज सेतूतून टाकला की सरळ तहसीलमध्ये ही योजना पाहणाऱ्या संजय गांधी शाखेत नेऊन दिला, आन पोच कोणी दिली, तेवढं नक्की लिहा.