बाळासाठी लाळेरी, टोपडी, दुपटी शिवायची आहेत, मदत हवी आहे

आत्याबाई_कोथरूड

नमस्कार मंडळी. भावाकडे ऑगस्टमध्ये बाळ येतंय आणि मी पहिल्यांदाच आत्या होणार आहे. बारशाची कुंची विकत घेईन, तेवढी हौस दुकानातून भागवलेली बरी. पण बाळंतविड्यातलं रोज लागणारं, म्हणजे लाळेरी, टोपडी, दुपटी, बाळोती, घरीच शिवायचं ठरवलंय.

सासूबाईंचं जुनं पायमशीन आहे, तेलपाणी करून छान चालतंय. मला सरळ टीप व्यवस्थित येते, पडदे आणि उशांचे अभ्रे बरेच शिवलेत. मशीनला झिगझॅग नाही. काज हाताने करता येतं, पण वेळ फार जातो.

आता अडलंय कुठे ते सांगते. लाळेऱ्याच्या गळ्याला पट्टी लावताना आतल्या बाजूने चुण्या पडतात, इस्त्री फिरवूनही जात नाहीत. लाळ शोषली जावी म्हणून मागे टर्किश (टॉवेलचं कापड) लावायचंय, तर मशीन दोन वीत जाऊन अडकतं, खालून दोऱ्याचा गुंता. टोपड्याचं माप काय धरायचं तेच कळत नाही, बाळ तर अजून पोटात आहे! शिवाय आईच्या दोन नऊवारी ट्रंकेत आहेत, धुऊन धुऊन लोण्यासारख्या झालेल्या. त्यांची दुपटी करावीत असं फार वाटतंय.

आणखी दोन घरगुती प्रश्न. सासूबाई म्हणतात मोहरीची उशी हवीच, डोकं गोल होतं. आणि आई म्हणते बाळ हातात येईपर्यंत काही शिवायचं नाही. मला दोघींनाही दुखवायचं नाहीये. कापड कुठून घ्यावं तेही सांगा. लक्ष्मी रोडवर भाव ऐकून परत आले.

उरेब

अभिनंदन आत्याबाई! चुण्या पडतायत म्हणजे पट्टी सरळ धाग्यात कापलेली दिसते. गळ्याच्या गोलाईला उरेब पट्टीच लागते, कापडाच्या कोपऱ्यातून तिरकी कापलेली. ती ताणली जाते. दीड इंच रुंद कापा. लावताना गळ्याच्या आतल्या वळणावर पट्टी किंचित ओढून धरायची, बाहेरच्या गोल कडेला मात्र अजिबात ओढायची नाही, उलट जरा सैल सोडायची. बहुतेक जण सगळीकडे सारखीच ओढतात आणि मग एकीकडे चुण्या, दुसरीकडे कापड वर उचललेलं.

पण खरं सांगू? पट्टीच्या नादी लागूच नका. पुढचं सुती कापड आणि मागचं टर्किश सुलट बाजू आत ठेवून एकावर एक घ्या, पाव इंच आत टीप मारा, खाली सरळ कडेला तीन बोटं जागा उघडी सोडा. गोलाईवर कात्रीने बारीक बारीक कट द्या, टिपेला धक्का न लावता. हे कट दिले नाहीत तर उलटवल्यावर गळा आखडतो. मग उघड्या जागेतून उलटवा, इस्त्री करा आणि कडेने वरून एक टीप फिरवा, त्यातच ती जागा बंद होते. बाहेरचा आकार साधारण २० सेंटिमीटर रुंद आणि २५ लांब, शिवण वेगळी धरा. गळ्यासाठी वहिनीला मिळालेलं एखादं तयार लाळेरं कागदावर गिरवून घ्या, अंदाजाने काढू नका.

पायमशीन_प्रेमी

टर्किशचं मी सांगतो. (हो, मी पुरुष आहे आणि शिवतो. दरवेळी विचारतात म्हणून आधीच सांगितलं.) सुई कितीची आहे? अभ्र्यांची ११ नंबरची असेल तर बदला, टर्किशला १४, जाड असेल तर १६. टाका थोडा लांब करा, ३ मिलिमीटरच्या आसपास. टर्किशचे फासे मशीनच्या दाबपायात आणि कापड पुढे सरकवणाऱ्या खालच्या दातात अडकतात म्हणून खाली बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा. पाय फार दाबत असेल तर वरचा दाबाचा स्क्रू थोडा सैल करा. आणि दोन लाळेरी झाली की शटल (सुईखालचा बॉबिनचा भाग) उघडून ब्रशने कापूस काढा. टर्किश इतका उडतो की खालचा गुंता बऱ्याचदा त्या कापसामुळेच होतो.

दुसरं असं की बाळ ऑगस्टमधलं आहे, म्हणजे पुण्यातली भुरभूर आणि दिवसदिवस न वाळणारे कपडे. फ्लॅनेलच्या प्रेमात पडू नका. दिसायला गोड, पण पावसात कुबट वास मारतो. दुपट्यांना एकेरी मलमल, हवं तर दुहेरी. पंख्याखाली रात्रीत वाळते. बाळोतीही पातळ कापडाची मोठी करा आणि घड्या घालून जाड करा, शिवून जाड केलेली वाळता वाळत नाहीत.

नारायणपेठी_आजी

अगं, आधी शिवायचं नाही हे आमच्याकडेही होतं. पण जुनेरं फाडून, धुऊन, घड्या करून ठेवायला कोणी ना म्हणत नव्हतं. तू कापड आणून धुऊन ठेव, कागद कापून ठेव, टीप बाळ झाल्यावर मार. आईचंही राहील. सरळ टिपेची बाळोती एका दुपारी उरकतात. मोहरीची उशी मात्र कर. आमच्या चार पिढ्या त्यावरच वाढल्या, एकाचंही डोकं चपटं नाही.

वॉर्डसिस्टर

मी नवजात बाळांच्या वॉर्डात काम करते, म्हणून थोडं लांबलचक लिहितेय.

आत्याबाई, सगळ्यात आधी त्या ट्रंकेत डांबरगोळ्या आहेत का ते बघा. असतील तर त्या साड्या तान्ह्या बाळाजवळ आणू नका. डांबरगोळीतल्या नॅप्थलीनने काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि जोरदार कावीळ होते. ज्यांच्यात जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची कमतरता असते त्यांना धोका जास्त, आणि ते जन्मल्या जन्मल्या कुणाला माहीत नसतं. गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे आणि पांघरुणांमुळे असं झाल्याच्या नोंदी वैद्यकीय पुस्तकांत आहेत. एकदा धुतलं की गेलं, असं धरून चालू नका.

टोपड्याचं माप: पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर जन्मतः साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो आणि तीन महिन्यांत ४० च्या घरात जातो. त्यामुळे एका मापाची ढीगभर शिवू नका. दोन ३६ ची, दोन ४१ ची बास. हनुवटीखाली बांधायचे बंद नकोत, गळ्याशी येतात. होजिअरीची केलीत तर बंदांची गरजच पडत नाही. घरात झोपलेल्या बाळाला टोपडं घालूच नये, डोक्यातून उष्णता बाहेर पडायला वाट लागते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या सूचनांत हे स्पष्ट लिहिलंय, जन्मानंतरचे पहिले काही तास सोडून. बाहेर नेताना, वारा असताना घाला.

त्याच सूचनांत झोपण्याच्या जागी उशी, मऊ खेळणी, सुटं पांघरूण काहीच नको असंही आहे. बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर. आजी, राग मानू नका, पण मोहरीची उशी त्यात बसत नाही. तोंड-नाक उशीत रुतलं तर तान्हं बाळ स्वतः मान फिरवून मोकळं होऊ शकत नाही. मागून चपटं झालेलं डोकं बहुतेक वेळा बाळ मान धरायला, बसायला लागलं की हळूहळू सुधारतं. जागेपणी, कुणीतरी समोर बसून, थोडा वेळ पालथं घालायचं.

हातमोजे शिवणार असाल तर शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा. आत सुटलेला एखादा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो आणि बोट सुजून काळंनिळं होतं. बाळ का रडतंय ते कळत नाही, कारण मोजा कुणी काढून बघत नाही. नखं कापली तर मोजे नसले तरी चालतं.

नारायणपेठी_आजी

राग कसला. पण माझी मुलं बरी निघाली ना? असो. नातवाच्या वेळी डॉक्टरांनीही उशी काढायला लावलीच होती. त्या मोहरीची फोडणी झाली.

आत्याबाई_कोथरूड

सिस्टर, आत्ताच ट्रंक उघडून बघितली. डांबरगोळ्या आहेत, ट्रंकेच्या तळाशी, कागदात. वासच आला. साड्या सध्या बाहेर दांडीवर टाकल्यात, पण बाळासाठी वापरणार नाही. जीव हळहळला खरा.

सासूबाईंना उशीचं वाचून दाखवलं. "तुमच्या पुस्तकांचं काय ते करा" एवढंच म्हणाल्या. होकारच धरतेय.

लाळेऱ्याला मागे काय लावू, वेलक्रो की बंद की टिचबटण?

उरेब

वेलक्रो मानेला घासतो आणि धुताना सगळ्या मलमलीला धरून ओढतो. हाताने शिवलेलं टिचबटण कधीतरी सुटतं आणि सुटलं की थेट तोंडात. दाबयंत्राने ठोकलेलं असतं ते पक्कं बसतं, पिको-फॉलच्या किंवा शिवणसाहित्याच्या दुकानात ठोकून देतात. लाळेऱ्याच्या एका टोकाला दोन बटणं ओळीने लावा, बाळ वाढलं की पुढच्या बटणात. आणि झोपवताना लाळेरं काढायचं, कशानेही बांधलेलं असो.

पायमशीन_प्रेमी

कापडासाठी लक्ष्मी रोड सोडा, रविवार पेठेत कापडगंजात जा. मीटरवर मलमल, कॅम्ब्रिक, टर्किश सगळं मिळतं. रिळं, सुया, बटणं बोहरी आळीत. गाडी नेऊ नका, तिथे लावायला जागा मिळाली तर तो वेगळा धागा होईल. वनाजहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, मंडईला उतरायचं, पुढे चालत.

१०० टक्के सुती आहे ना विचारा, नुसतं "कॉटन" म्हणाल तर मिश्र कापडही दाखवतात. एक धागा काढून जाळून बघता आला तर उत्तम, सुताची राख होते, मिश्र कापडाचा कडक मणी. ४४ इंच पन्ह्याचं ६० सेंटिमीटर कापड आणि तेवढंच टर्किश घेतलंत तर आठ लाळेरी आरामात बसतात. दुपट्याला एकेरीच करायचं तर प्रत्येकी एक मीटर. सगळं कापड कापायच्या आधी गरम पाण्यात धुऊन वाळवा, खळ निघते आणि आटायचं ते आटून जातं, नाहीतर पहिल्या धुण्यात दुपट्याचा रुमाल. धुताना सॉफ्टनर नको, बाळोती पाणी शोषायची थांबतात.

नारायणपेठी_आजी

साड्यांचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्या महिनाभर वाऱ्यावर टाक, दोनचारदा धू, वास पूर्ण गेला तर वहिनीसाठी गोधडी कर. बाळाची नाही, वहिनीची. बाळंतिणीलाही ऊब लागते आणि तिला कुणी काही शिवून देत नाही. काठ आधी काढून घे, कापडापेक्षा काठ जास्त आटतो आणि गोधडी वाकडी होते. धावदोरा कडेपासून आत आत घालत ये.

आत्याबाई_कोथरूड

वहिनीची गोधडी! हे डोक्यातच आलं नव्हतं. आजी, धावदोऱ्याला रीळ कोणतं, मशीनचं चालेल की जाड हवं?

नारायणपेठी_आजी

मशीनचं पातळ पडतं, दोनदा धुतलं की तुटतं. जाड सुती दोरा माग, सुई लांब घे. आणि अंगुस्तान घाल, नाहीतर बोटाची चाळण होईल.